बूट मोजणारी बाई

माझी मुलगी प्रायमरीत असताना तिच्या टीचरने वर्गात प्रत्येकाला आईबाबांचं काम विचारलं. कुणाची आई नर्स, कुणाचे बाबा आयटीत. आमच्या कन्येने सांगितलं, "माय मम काउंट्स पीपल." टीचरला वाटलं मी सेन्ससमध्ये आहे. पुढच्या पॅरेंट-टीचर मीटिंगला तिने मला मोठ्या आदराने जनगणनेबद्दल दोन प्रश्न विचारले, आणि खोटं कशाला सांगू, त्यातल्या एकाचं मी उत्तर दिलंसुद्धा.

मी टूर लीडर आहे. टूनगॅबी स्टेशनजवळच्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीतर्फे गेली चौदा वर्षं सिडनीतल्या मराठी मंडळींना जपानला नेते आणि, मुख्य म्हणजे, परत आणते. लोकांना वाटतं, या कामाला जपानी भाषा यायला हवी, इतिहास पाठ हवा. मला जपानी वाक्यं बारा येतात आणि त्यातली चार टॉयलेटसंबंधी आहेत. खरं काम म्हणजे सगळे बसमध्ये आहेत ना, सगळ्यांचं पोट भरलंय ना आणि सगळे 'जाऊन' आलेत ना, एवढं बघणं. इतिहास उरलेल्या वेळात सांगायचा असतो, आणि वेळ सहसा उरत नाही.

आमच्या टूरमध्ये एका लहान शहरातला किल्ला असतो. शहराचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी मला पुढेही येऊ द्यावं अशी इच्छा आहे. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, एकावर एक पाच मजले, भोवती खंदक आणि खंदकात गलेलठ्ठ मासे. बाहेरून बघताना बडबडे लोकसुद्धा क्षणभर गप्प होतात. आत गेलं की लिफ्ट आहे. मूळचा लाकडी किल्ला फार पूर्वी जळून गेला. गावकऱ्यांनी जुनी चित्रं आणि नकाशे बघून तो सिमेंटमध्ये पुन्हा उभा केला आणि आत गावाचं म्युझियम मांडलं. जपानमध्ये असे किल्ले पुष्कळ आहेत आणि कुणी ते लपवत नाही, दारातल्या पाटीवर सगळं लिहिलेलं असतं.

मी पहिल्या वर्षी पाटी वाचली नव्हती. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून मी भरल्या आवाजात सुरुवात केली, "विचार करा, चारशे वर्षांपूर्वी याच पायऱ्यांवरून..." तेवढ्यात माझ्या मागे 'टिंग' वाजलं, भिंत दोन्हीकडे सरकली आणि व्हीलचेअरवरच्या एक जपानी आजी बाहेर आल्या. केलीव्हिलच्या देवस्थळी वहिनी म्हणाल्या, "चारशे वर्षांपूर्वीची लिफ्ट! किती पुढे होते हो हे लोक!" त्या गेल्या वर्षी पुन्हा टूरला आल्या, तेव्हाही लिफ्टमध्ये शिरताना त्यांनी मला नमस्कार केला.

किल्ला नवा आहे असं कळलं की आमची मंडळी हिरमुसतात. "ओरिजिनल नाही? मग बघायचं काय?" मग कुणीतरी राजगडाचा विषय काढतं, दुसरं कुणीतरी आपण कॉलेजात असताना तो किती वेळात चढलो ते सांगतं, आणि सांगणारा स्वतः लिफ्टने वर जातो. म्युझियम खालच्या दोन मजल्यांवर आहे. भात मोजायची लाकडी मापं, आग विझवणाऱ्यांचे जाडजूड डगले, जुन्या शाळेतला बाक, एक मिशीवाला मुखवटा आणि जुन्या गावाचं टेबलाएवढं मॉडेल. आमचे लोक पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून परत लावेपर्यंत ते बघून संपवतात आणि फोटो काढायला पाचव्या मजल्यावर जातात. मी त्यांना हसते, पण पहिली काही वर्षं मीही तेच केलं.

आता माझ्या शोधाबद्दल. बाहेरच्या माणसाला वाटेल, एकोणीस माणसं मोजणं यात काय मोठं? आपली माणसं मोजून बघा. ती मोजताना हलतात. "मी इथे आहे हं," असं सांगून दुसरीकडे जातात आणि तिकडे पुन्हा मोजली जातात. कुणी नवऱ्याच्या वतीने हात वर करतं आणि नवरा टॉयलेटमध्ये असतो. चौथ्या टूरला माझ्या लक्षात आलं की या किल्ल्यात दारातच बूट काढून रॅकवर ठेवावे लागतात, आणि बूट हलत नाहीत, बोलत नाहीत, त्यांना सारखा चहा लागत नाही. मी एक रॅक आमच्या ग्रुपसाठी धरायला लागले. आत जाताना जोड मोजायचे. रॅक रिकामं झालं की सगळे बाहेर. जिथे जिथे बूट काढायचे तिथे हीच पद्धत. चौदा वर्षांत माझा एकही प्रवासी मागे राहिला नव्हता.

आमचे मालक हरप्रीतजी यावर इतके खूश की त्यांनी ते फ्लायरवर छापलं. "वैशालीजी, ये तो अपना यूएसपी है." मी विनयाने नको नको म्हटलं आणि एक फ्लायर लॅमिनेट करून फ्रिजवर लावलं.

ते फ्लायर कुणीतरी फॉरवर्ड केलं आणि गेल्या वर्षी मला कालगुर्लीहून फोन आला. निखिल मोकाशी, तिथल्या एका सोन्याच्या खाणीत इंजिनियर. त्याचे वडील, अप्पा, वय शहात्तर. आई गेल्यावर त्याने त्यांना साताऱ्याहून आपल्याकडे आणलं होतं.

"ताई, अप्पांना तुमच्या टूरला पाठवायचंय. पण मी स्पष्टच बोलतो. ते म्हणतात, मला साताऱ्याला परत जायचंय, आपल्या घरी एकटा राहीन. आणि मागच्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून विसरले. मला कळतच नाही, हे नॉर्मल आहे की सुरुवात आहे. मी दिवसभर शिफ्टला असतो, मला ते नीट दिसतच नाहीत. तुम्हाला दहा दिवस दिसतील. तुम्ही इतकी सीनियर माणसं सांभाळलीत. परत आल्यावर मला फक्त सांगा, एकटे राहू शकतील का. तुम्ही हो म्हणालात तर मी लगेच तिकीट काढतो."

खरं तर मी म्हणायला हवं होतं की मी टूर लीडर आहे, डॉक्टर नाही. पण इतक्या विश्वासाने कुणी विचारलं की मला लगेच सेन्ससमध्ये नोकरी लागते. "नो वरीज निखिल," मी म्हणाले, "मी बघते." अप्पांना यातलं काही माहीत नव्हतं.

ग्रुप नऊ जोडप्यांचा आणि दहावे एकटे अप्पा. किडकिडीत, ताठ, खिशात छोटी वही. सरकारी मोजणी खात्यात आयुष्य गेलेलं. लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि बांधावरची भांडणं ऐकायची, असं त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं. पायात निखिलने टूरसाठी घेतलेले पांढरे शुभ्र, महागडे बूट होते, आणि ते चालताना खाली बघून डबकी चुकवत. सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी ते हजर असत. कोण कुठल्या खोलीत उतरलंय ते त्यांना पाठ होतं. मला यादी बघावी लागे. चौथ्या दिवसापर्यंत माझा निकाल तयार होता: अप्पा ठणठणीत आहेत, टूर लीडरबद्दल मात्र विचार करायला हवा.

किल्ल्याचा दिवस सहावा. दारात मी नेहमीप्रमाणे छत्री उंच धरून सांगितलं, "साडेतीनला मुख्य दारात भेटायचं."

"किती?" अप्पांनी विचारलं.

"साडेतीन."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. सगळ्यांनी बूट काढले, मी एकोणीस जणांना आत सोडलं आणि इथे पहिली चूक केली. रॅकवरचे जोड मोजायला वाकले, तेवढ्यात देवस्थळी वहिनींनी लिफ्ट कुठे आहे विचारलं. अठरा मोजून झाले होते. एकोणिसावा असणारच, असं म्हणून मी उठले.

आतमध्ये अप्पा पहिल्याच मजल्यावर थांबले. एका काचेच्या पेटीत जमीन मोजायची जुनी दोरी आणि खुणेचे खुंट ठेवले होते. चौदा वर्षांत मी त्या पेटीकडे बघितलं नव्हतं. शेजारी हिरवं जाकीट घातलेले म्युझियमचे एक स्वयंसेवक आजोबा उभे होते. अप्पांनी हवेत दोरी ताणून दाखवली, मग एक डोळा मिटून लांबच्या खुंटाकडे बघण्याचा अभिनय केला. आजोबांनी टाळी वाजवली आणि त्यांना जुन्या गावाच्या नकाशाकडे नेलं. अप्पा मराठीत बोलत होते, ते जपानीत, आणि दोघं एकमेकांना "हां, हां" म्हणत होते.

"बघा वैशालीताई," अप्पा मला म्हणाले, "नदीकाठी त्यांनी जमिनी तिरक्या मोजल्यात. पूर आला की हद्द सरकते ना! आमचं कोयनेकाठी हेच."

मी मदत करावी म्हणून माझ्या बारा वाक्यांची उजळणी केली. एकही लागू पडत नव्हतं, म्हणून मी वर गेले.

तीन वाजून दहा मिनिटांनी बाकीचे सगळे बाहेर आइस्क्रीमच्या दुकानासमोर उभे होते आणि चहाची चौकशी करत होते. मी रॅक बघायला आत आले. रॅक रिकामं होतं. खालच्या फळीवर, कोपऱ्यात एकच पांढरा बूट होता. आता माझी पद्धत जोड मोजायची आहे. एकटा बूट तिच्यात बसत नव्हता, म्हणून तो मी धरला नाही. कुणीतरी विसरलं असेल, असं ठरवलं. एक बूट विसरून माणूस घरी कसा जाईल, असं तुम्ही विचाराल. मलाही तो प्रश्न पडला, पण बस निघाल्यावर.

आम्ही तीन वीसला निघालो. सगळे आलेत तर थांबायचं कशाला, असा हिशेब. अप्पांच्या शेजारची सीट रिकामीच असायची, त्यामुळे "माझा माणूस कुठाय," असं विचारायला कुणी नव्हतं.

हायवेला लागल्यावर देवस्थळी वहिनींनी चिवड्याच्या पुड्या काढल्या. केलीव्हिलहून, माणशी एक, मोजून आणलेल्या. शेवटपर्यंत जाऊन त्या परत आल्या.

"वैशाली, एक पुडी उरली गं."

"कुणी नको म्हणालं असेल."

"माझ्या चिवड्याला?" त्या म्हणाल्या. "कोण नाहीये बघ."

मी मागे वळले आणि अप्पांची सीट बघितली. तो पांढरा बूट डोळ्यांसमोर उभा राहिला आणि त्याच्यासोबत माझं मिरजेचं लहानपण. देवळात जाताना आई आम्हाला एक चप्पल या कोपऱ्यात आणि दुसरी पार पलीकडे ठेवायला लावायची, म्हणजे चोराला जोडी मिळायची नाही. मी स्वतः पन्नाशीपर्यंत हेच करत आले. एखाद्या जपानी बाईला तो एकटा बूट कळला नसता तर तिला माफ होतं. मला तो बघताक्षणी कळायला हवा होता: आत आपला माणूस आहे, आणि त्याचे बूट नवे आहेत.

ड्रायव्हर अबोल माणूस. त्याला सांगितल्यावर त्याने पुढच्या एक्झिटला बस वळवली. ती एक्झिट फार लांब होती. तेवढ्यात कुणीतरी टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मोकाशी काका मिसिंग, प्लीज प्रे' असं टाकलं. त्या ग्रुपवर सगळ्यांची मुलंसुद्धा होती. ब्लॅकटाउनपासून पर्थपर्यंतची मुलं मला फोन करायला लागली. एका मुलीने तर स्वतःचे आईबाबा बसमध्ये आहेत याची खात्री करून घेतली. मी किल्ल्याला फोन लावत होते आणि माझ्या बारा वाक्यांत 'माणूस विसरले' असं वाक्य नव्हतं.

पोहोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. अप्पा मुख्य दारात होते. हिरव्या जाकिटाच्या आजोबांनी दोन घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या आणि दोघं त्यांवर ताठ बसले होते. बस बघून अप्पा उठले.

"मी तीन पंचवीसला आलो," ते म्हणाले. "बस दिसेना. म्हटलं, दिलेली जागा सोडायची नाही. टूरच्या बिल्ल्यावरच्या तुमच्या नंबरवर यांनी तीनदा फोन लावला, तर एंगेज."

मी बसमधून खाली उतरले आणि हातातला फोन वाजला. निखिल. बसचं दार उघडं होतं, आत अठरा माणसं कान देऊन बसली होती, ड्रायव्हर आरशात बघत होता. मी फोन घेतला आणि माझ्या तोंडून अगदी सहज निघालं, "अरे काही नाही निखिल, अप्पा म्युझियममध्ये जरा रमले, वेळेचं भान राहिलं नाही. सापडले. नो वरीज."

अप्पांचा एक पाय पायरीवर होता. ते थांबले, माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे करून फोन घेतला. "हो रे, रमलो खरा. ताईंचा काही दोष नाही." फोन परत देऊन ते आपल्या सीटवर जाऊन बसले. बसमध्ये टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, "काका, कोणी जपानी मैत्रीण भेटली का?" अप्पा हसले आणि वहिनींनी त्यांना पुडी दिली.

संध्याकाळी जेवताना मी त्यांच्यासमोर बसले. "अप्पा, चूक माझी होती. मी दहा मिनिटं आधी बस काढली."

"मला माहितेय ना. माझ्याकडे घड्याळ आहे."

"मग तसं का बोललात?"

"तुमची नोकरी आहे, चौदा वर्षांचं नाव आहे. माझं काय जातंय? म्हाताऱ्याला लोक विसरभोळा म्हणतातच, आणखी एकदा म्हणतील."

त्यांचं काय जात होतं ते त्या टेबलावर फक्त मला माहीत होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्यांना लोणचं वाढलं.

परत आल्यावर निखिलचा फोन आला. मी माझा निकाल सांगितला, अप्पा एकदम फिट आहेत, वेळेला पक्के, सगळं लक्षात असतं.

"पण ताई, त्या दिवशी..."

"तेवढं एकदाच रे."

"एकदा पुरतं ना. तिथे तुम्ही बस वळवलीत. साताऱ्यात कोण वळवणार?" त्याचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. अप्पांनी इथेच राहायचं, असं त्याने ठरवलं.

दोन दिवस मी स्वतःला समजावलं की मुलाजवळ राहण्यात वाईट काय आहे. तिसऱ्या दिवशी फोन लावला आणि सगळं सांगितलं, रॅक, अठरा जोड, एकटा बूट, दहा मिनिटं आधी काढलेली बस, फोनवरचं खोटं. निखिलने शांतपणे ऐकलं.

"ताई, यू आर व्हेरी काइंड," तो म्हणाला. "अप्पांनी सांगितलं का तुम्हाला असं बोलायला?"

"अरे, खरंच सांगतेय!"

"तुमच्या फ्लायरवर लिहिलंय, चौदा वर्षांत एकही माणूस मागे राहिला नाही. आणि अप्पा स्वतः म्हणाले, रमलो. आता तुम्ही म्हणताय, एक बूट इकडे होता, एक तिकडे. हे मला ॲक्चुअली पटायला पाहिजे का?"

आयुष्यात मी ज्या ज्या थापा मारल्या त्या सगळ्या लोकांना पटल्या. ही एकच गोष्ट खरी सांगितली, ती मात्र पटली नाही. हरप्रीतजींना सांगितलं तर ते म्हणाले, "वैशालीजी, किसी को मत बोलना, फ्लायर अभी छपे हैं." मी फ्रिजवरचं काढून टाकलं. बाकीच्यांवर माझा ताबा नाही.

मागच्या महिन्यात सिडनीच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी 'तुमच्या कामातले गमतीदार अनुभव' लिहून मागितले, तेव्हा मी कालगुर्लीला अप्पांना फोन केला. त्यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं, निखिलने मला काय विचारलं होतं तेही.

"मला वाटलं, तो मायेपोटी थांबवतोय. मी विसरभोळा झालो म्हणून, हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "इथे रस्ते छान रुंद आहेत हो. मी सगळे पावलांनी मोजलेत. आता मोजायला काही राहिलं नाही." आणि थोड्या वेळाने, "मला घरी जायचंय, वैशालीताई."

मी विचारलं, "हे सगळं लिहू का?"

"लिहा. पण बूट वेगवेगळे ठेवल्याचं लिहू नका. लोक हसतील."

अप्पा, माफ करा, तेवढं लिहावंच लागलं. त्याशिवाय माझा मूर्खपणा सिद्ध होत नाही.

निखिल, हा अंक मी तुला पोस्टाने पाठवते आहे. फोनवर तू माझं ऐकलं नाहीस, म्हणून हे चारचौघांत, माझ्या नावानिशी छापून देते आहे. मी वेळ दिली होती साडेतीनची आणि बस काढली तीन वीसला. तुझे वडील तीन पंचवीसला, दिलेल्या जागी, दोन्ही बूट घालून उभे होते. तू मला एकच प्रश्न विचारला होतास, एकटे राहू शकतील का. हो, राहू शकतील. तिकीट काढ.